उरणाऱ्याच्या नावे

मे महिन्यात पनवेलमध्ये कुणी राहत नाही, सगळे पनवेलवरून जातात. स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, हायवेवर टपावर बॅगा बांधलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. कुणी महाडला, कुणी खेडला, कुणी थेट सावंतवाडीला. आणि गावात मात्र भर दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. ज्या आवारात एरवी पक्षकार, टायपिस्ट आणि नोटरीवाले एकमेकांच्या पायात पाय घालून फिरत असतात, तिथे बदामाची वाळकी पानं पडलेली असतात आणि चहावाल्याने स्टॉलवर निळं प्लास्टिक बांधून टाकलेलं असतं.

काल त्याच आवाराच्या कोपऱ्यावर ताडगोळेवाली बसलेली दिसली. तिने सोललेले ताडगोळे पिशवीत घातले, पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याकडे जमा."

"काय बोल्ला ताई?"

"काही नाही ग. अजून अर्धा डझन दे."

मी वकील आहे. बाईमाणसाने वय सांगू नये म्हणतात, पण केस रंगवायचे सोडून दिलेत एवढं सांगते. लग्न केलं नाही. सोलापूरचं घर आई गेल्यावर विकलं, तेव्हापासून मे महिन्यात जायला गाव नाही. आमच्या मजल्यावरचे सगळे जातात आणि जाताना कुंड्यांना पाणी घालायला किल्ल्या माझ्याकडे देतात. सुट्टीभर माझ्याकडे सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या असतात. दुसऱ्याच्या बंद घरात शिरून तुळशीला पाणी घालताना, भिंतीवरचे हसरे फोटो बघताना, आपण कुणाच्या तरी आयुष्यात चोरून आल्यासारखं वाटतं. मग मी उगाच मोठ्याने म्हणते, "पाणी घातलं हं." उत्तर अर्थातच येत नाही.

पण मला आठवतो तो मे काही वर्षांपूर्वीचा, संध्या गेली त्या वर्षीचा.

गेली म्हणजे पुण्याला गेली. उगाच जीव वरखाली नको. संध्या आणि मी एकाच ऑफिसात बसायचो. कोर्टाच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला, जिन्याच्या तोंडाशी एक लांबट पाटी, पाटीवर डावीकडे माझं नाव आणि उजवीकडे तिचं. दोघींनी मिळून भागीदारीने थाटलेला संसारच होता तो. जमिनी, वारस, घटस्फोट, नवराबायकोची भांडणं माझ्याकडे. हिशेबाची सगळी कामं तिच्याकडे. सोसायट्यांचे वाद, चेक परत आलेले, भागीदारांची फाटाफूट, जिथे जिथे आकडा दिसेल तिथे मी फाइल टेबलावरून नुसती पलीकडे सरकवायची. ती बी.कॉम. झालेली होती, मी संस्कृत घेऊन बी.ए. ती फाइल उघडायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि खो खो हसायची. आकड्यांत हसण्यासारखं काय असतं ते मला कधी कळलं नाही, पण ते हसू जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जायचं.

तिच्या लेकीला मुलगी झाली. लेक पुण्यात, नोकरी करणारी. पाडव्याच्या सुमारास संध्या म्हणाली, "अलके, मी आता तिकडेच राहावं म्हणते." मी म्हटलं, "राहा की." इतकंच. आमचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान धरून बसायला कारण तरी मिळालं असतं. तिने तिचे शिक्के नेले, गणपतीची छोटी मूर्ती नेली. खुर्ची मात्र ठेवली, कारण पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला जागा नव्हती.

आणि मग एप्रिलमध्ये मी कोर्टात ती प्रसिद्ध चूक केली.

कळंबोलीच्या लोखंडबाजारातल्या एका व्यापाऱ्याने माझ्या अशिलावर दावा लावला होता. अशील छोटा कंत्राटदार, घरबांधणीसाठी सळया उचललेल्या. संध्या असती तर फाइल पलीकडे गेली असती. पण पलीकडे आता नुसती खुर्ची होती. व्यापाऱ्याने आपल्या वहीचा उतारा दाखल केला. त्यात एका बाजूला लिहिलं होतं 'नावे', दुसऱ्या बाजूला 'जमा', आणि सगळी मोठी रक्कम माझ्या अशिलाच्या नावे. माझी सारी हयात सातबाऱ्यावर गेलेली. आमच्याकडे एखादी गोष्ट ज्याच्या नावे, ती त्याची. मी उठले, आवाज चढवला आणि म्हटलं, "साहेब, वादीची स्वतःची वहीच सांगते, ही रक्कम माझ्या अशिलाच्या नावे आहे. त्यांच्याच नावे असेल तर वादी मागतात कशाला?"

आधी समोरचे वकील हसले, त्यांच्यामागे बाकावरचे हसले, आणि शेवटी साहेबही पेन तोंडाशी धरून हसले. "मॅडम," ते म्हणाले, "नावे म्हणजे त्यांच्याकडून येणं. तुम्ही तर वादीचीच केस सिद्ध करून दिलीत." तेवढ्यात माझा अशील कानाशी लागला, "मॅडम, सगळे हसतायत. आपण जिंकलो का?"

साहेब भले होते, त्यांनी सुट्टीनंतरची तारीख दिली. फजितीचं मला इतकं वाईट वाटलं नाही. वकिली करायची तर कातडी जाड लागते. वाईट वाटलं ते संध्याकाळी, ऑफिसचं कुलूप उघडताना. आमच्याकडे रिवाज होता. दोघींपैकी कुणाचीही कोर्टात फजिती झाली की संध्या त्याचा प्रयोग लावायची; साहेब ती, समोरचा वकील ती, अशीलही तीच. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं की फजिती धुतली जायची. त्या संध्याकाळी मी दारात उभी राहिले. आता ही फजिती ओली ती ओलीच राहणार, हे कळलं आणि मला फार एकटं वाटलं. तिला फोन लावला. "अग, आज काय झालं माहितीये? मी साहेबांना म्हटलं..." ती म्हणाली, "थांब हं, थांब, बाळ उठलं वाटतं. करते तुला." तिने केला नाही. तिची काही चूक नव्हती. पण मी बराच वेळ फोन मांडीवर ठेवून बसले होते.

ऑफिसच्या जागेचा करार जूनपासून नवा करायचा होता. मालक म्हणाले, "सुट्टी संपायच्या आत काय ते सांगा ताई. तुम्हाला एकटीला परवडणार आहे का?" प्रश्न खडा होता, पण खरा होता. हिशेबाची कामं नाकारली तर निम्मं ऑफिस उपाशी. बेलापूरच्या एका मोठ्या वकिलांनी त्यांच्याकडे एक टेबल देऊ केलं होतं. एसी होता, पण टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. म्हणजे एक तर मी आकडे शिकायचे, नाही तर पाटी उतरवून बेलापूरच्या भिंतीकडे तोंड करून बसायचं. हातात होती ती एक सुट्टी.

म्हात्रे सर विचुंब्याला राहतात. ज्युनिअर कॉलेजात त्यांनी जन्मभर बुककीपिंग शिकवलं. त्यांच्या जमिनीचे कागद मी पाहिले होते, ती ओळख. त्यांच्या शेतावर आता सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीच्या वरच्या मजल्यावर ते राहतात. "तुमची गाडी लावली ना, तिथं आमचं खळं होतं," ते पहिल्या दिवशी म्हणाले. सूर तक्रारीचा नव्हता, पत्ता सांगितल्यासारखा होता. "तुम्ही मला माझी जमीन कायद्यात कुठं गेली ते समजावलंत. आता मी तुम्हाला नावे-जमा समजावतो. फक्त एक अट. मध्येच हरकत घ्यायची नाही."

ती अट मी पहिल्या पाच मिनिटांत मोडली.

आजही मे महिना म्हटलं की मला आंब्याच्या आधी त्या घराचा वास आठवतो. काकूंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, माहेर समुद्राकाठच्या करंजाचं. पावसाळ्याची बेगमी म्हणून बोंबील, जवळा, वाकट्या माहेराहून यायच्या आणि गच्चीवर जुन्या साड्यांवर वाळत पडायच्या. वर मासळी, खाली मी, मध्ये फिरणारा पंखा आणि अकरावीचं पुस्तक. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावावासा वाटला. काकूंच्या ते लक्षात आलं. "वास येतंय ना ताई? दोन दिस येल, मंग नाय येनार," त्या म्हणाल्या आणि ते खरं ठरलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्या वासाने मला भूक लागायला लागली.

"घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याकडे जमा," सर म्हणायचे आणि मला पाठ म्हणायला लावायचे. "ज्याला मिळालं त्याचं खातं नावे. डाव्या हाताला. ज्यानं दिलं त्याचं खातं जमा. उजव्या हाताला."

"पण सर, ज्याला मिळालं ते त्याचं झालं ना? मग तो देणेकरी कसा?"

"मिळालं म्हणूनच. फुकट काय मिळतं वकीलबाई?"

मला ते पचायला वेळ लागला. आमच्या धंद्यात दोन बाजू असतात त्या एकमेकींना खोटं पाडायला. एक खरी ठरली की दुसरी मेली. सर सांगत होते की इथे दोन्ही बाजू खऱ्या असतात आणि शेवटी सारख्या भरतात, भरायलाच हव्यात. माझ्या कधी भरायच्या नाहीत. तेरीज केली, म्हणजे दोन्हीकडच्या बेरजा समोरासमोर मांडल्या, की डावी बाजू नेहमी जड. मी सरांना पटवायला लागायची की फरक किरकोळ आहे, हेतू शुद्ध आहे. सर चष्म्यावरून बघायचे. "इथं युक्तिवाद चालत नाय." सर चिडले की त्यांची शहरी भाषा सुटायची आणि विचुंबं बाहेर यायचं. फरक सापडेचना तर तो तात्पुरता सस्पेन्स नावाच्या खात्यात टाकतात, असं त्यांनी एकदा सांगितलं. ते खातं मला मनापासून आवडलं. कोर्टात तारीख मागण्यासारखंच होतं ते.

मग घसाऱ्याचा धडा आला. टेबल, खुर्ची, कपाट, सगळ्याची किंमत दरसाल थोडी उतरवायची. "वापरलं तरी झिजतं आणि नुसतं ठेवलं तरी झिजतं," सर म्हणाले. ऑफिसातली संध्याची खुर्ची मी फडक्याने रोज पुसत होते. बसू मात्र कुणालाच देत नव्हते, पक्षकार बसायला गेला की म्हणायची, "ती नको, ती डुगडुगते." खुर्ची मुळीच डुगडुगत नव्हती.

सुट्टी सरत आली तसे आम्ही बारावीच्या पुस्तकावर आलो. वकिलाला तेच खरं लागतं, भागीदारी. त्या पुस्तकात धड्यांची नावं अशी आहेत की देवळात पोथी वाचल्यासारखी वाटावीत: भागीदाराचा प्रवेश, भागीदाराची निवृत्ती, भागीदाराचा मृत्यू आणि शेवटी विसर्जन. मी निवृत्तीचा धडा उघडला आणि उदाहरणं वाचत गेले. अजय, विजय आणि संजय हे भागीदार असून संजय निवृत्त झाला. सीमा, रीमा आणि नीमा या भागीदार असून नीमा निवृत्त झाली. पानामागून पान. हळूहळू माझ्या लक्षात आलं की निवृत्तीच्या धड्यात सगळीकडे तीनच भागीदार असतात. एक जातो आणि दोघं उरतात. उरलेली दोघं मग नफ्याचं नवं प्रमाण ठरवतात, चहा पितात, गेलेल्याला नावं ठेवतात, काय काय करत असतील.

"सर, दोनच भागीदार असतील आणि एक गेला तर?"

"तसं उदाहरण नसतं."

"का?"

"एकटा उरल्यावर नफा वाटणार कुणाशी? प्रमाणच राहत नाही. भागीदारी संपली. कायदा तर तुम्हीच सांगाल मला."

कायदा मला माहीत होता. दोघांतला एक गेला की भागीदारी राहत नाही, हे मी कितीतरी लोकांना टेबलापलीकडून तटस्थपणे सांगितलेलं आहे, फी घेऊन. त्या दुपारी पहिल्यांदा ते मला कुणीतरी सांगितलं. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसले. एका रेघेवर पाणी पडलं आणि शाई पसरली. सर उठून गच्चीवर गेले. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि समोर ताट ठेवलं. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. "खा आदी," त्या म्हणाल्या. "आमी हाव ना." मी जेवले. तिखटाने डोळ्यांतून पाणी येतं, त्याचा फार उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर कागद होता, सरांच्या सुबक अक्षरातला. त्यांनी स्वतः एक उदाहरण रचलं होतं. 'क आणि ख या दोघी भागीदार असून ख निवृत्त झाली. क हिने धंदा एकटीने पुढे चालू ठेवला. क हिच्या पुस्तकात नोंदी करा.'

आयुष्यभर त्यांनी असं उदाहरण कुणाला घातलं नसणार. 'एकटीने' हा शब्द मी परत परत वाचला. छापील पुस्तकात तो नव्हता, पण कागदावर निळ्या शाईत होता, आणि त्याच्यापुढे 'पुढे चालू ठेवला' असं होतं.

मी सोडवायला घेतलं. एका जागी अडले. ख्याती. धंद्याचं नाव झालेलं असतं, त्याची किंमत धरतात. जाणारीचा त्या नावात वाटा असतो आणि तो तिला द्यावा लागतो.

"ख्याती म्हणजे नेमकं काय हो सर?"

"गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात न जाता तुमच्याच जिन्यानं वर येतं. का येतं? ते जे काय असेल ते."

आमच्या जिन्याने लोक का वर यायचे? मला माहीत होतं. वरून हसू ऐकू यायचं म्हणून. कोर्टाच्या गल्लीत कोण हसतं? भेदरलेली माणसं त्या हसण्याच्या रोखाने जिना चढायची आणि मग त्यांतली निम्मी माझ्या टेबलाशी बसायची. इतकी वर्षं मी ती माझीच कमाई समजत होते.

"मग ह्या वाट्याची नोंद कशी करायची?" सरांनी विचारलं.

मी सावकाश लिहिलं. उरणारीच्या नावे, जाणारीकडे जमा. डावी बाजू, उजवी बाजू. खाली बेरजा घेतल्या. दोन्ही भरल्या. सरांनी कागद उलटा करून, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बरोबर हाय." माझी पहिली जुळलेली तेरीज ती.

त्या संध्याकाळी मी मालकांना फोन करून सांगितलं की करार करा, माझ्या एकटीच्या नावे. आणि 'नावे' म्हणताना मला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच कळले.

पाटी रंगवणारा आला तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. संध्याची सनद आता पुण्याच्या पत्त्यावर, तिचं नाव इथे ठेवता येत नव्हतं. त्याने रॉकेलच्या बोळ्याने उजवी बाजू पुसली. एकेक अक्षर विरघळत गेलं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते, दुसरं काही कामच नव्हतं.

"मॅडम, आता तुमचं नाव मधोमध घेतो. ही बाजू मोकळी वाईट दिसते."

"नको. आहे तिथेच राहू दे."

"अर्धी पाटी वाया जाईल."

"डावी बाजू माझीच आहे," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि माझ्या नावावरून फक्त एक नवा हात फिरवला.

जूनमध्ये त्या कंत्राटदाराची तारीख निघाली. मी वहीचा उतारा नीट वाचून गेले होते. त्याने परत केलेल्या सळया व्यापाऱ्याने जमेला धरल्याच नव्हत्या, ते दाखवलं. साहेबांनी मान हलवली आणि या वेळी कुणी हसलं नाही. ऑफिसात परत आले तेव्हा ती न हसण्याची गोष्टही कुणाला तरी सांगावीशी वाटत होती. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तिची ती बाळाला भरवायची वेळ होती.

हे सगळं काल ताडगोळे खाताना आठवलं. म्हात्रे सर आता थकलेत, काकू मात्र मे आला की अजून मला सुकटीची पुडी पाठवतात. शेजारी गावाला गेलेले असतात, त्यामुळे भाजायची चोरी नाही. हिशेबाची कामं मी करते, बरी करते. आकडे जुळले की आता मलाही कधीकधी हसू येतं. आवाज जिन्याखाली जात नाही एवढंच.

आज सकाळी ऑफिसला निघाले होते तेवढ्यात संध्याचा फोन आला. मागे गाडीचा आवाज.

"अलके! अग विमानतळावर चाललोय सगळे. आत्ताच कळंबोली गेलं बघ. तुझी इतकी आठवण आली!"

"थांबायचं ना ग पाच मिनिटं."

"धाकटी नात झोपलीये मांडीवर. उठली की रडते. पुढच्या वेळी नक्की."

"फोन केलास, बरं केलंस," मी म्हटलं. "सांभाळून जा."

मे महिन्यात सगळे पनवेलवरून जातात, त्यात नवल कसलं! मी गल्लीत आले. जिन्याच्या तोंडाशी एक बाई उभी होती, हातात कागदांची पिशवी, चेहरा भेदरलेला. सुट्टीतही ज्यांना वकील लागतो त्यांची अडचण मोठी असते. ती पाटीकडे बघत होती.

"हितं वकीलबाई बसतात ना? मं ही बाजू रिकामी का? अजून कुणी यायचं हाय का?"

"नाही," मी कुलपाची किल्ली शोधत म्हटलं. "येऊन गेली. चला, वर बसून बोलू."

वर गेल्यावर मी पंखा लावला आणि तिच्यासाठी संध्याची खुर्ची पुढे ओढली.